प्रत्यक्षालाच प्रमाण मानणारा वैद्य : गार्सिया द ओर्ता

चैत्र-वैशाखाच्या उन्हात बुलढाणा जिल्ह्यातील अजिंठ्याच्या डोंगररांगांत आणि सातपुड्याच्या पायथ्याशी बहावा पिवळ्याधमक झुंबरांनी लहडून जातो. या झाडाच्या लांब, काळपट शेंगांमधील गर सौम्य रेचक आहे, हे आपल्याकडील वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होते. बहाव्यासारख्याच हिरडा, कुडा, निर्गुडी, आले, हळद अशा कितीतरी वनस्पती आपल्या घरगुती औषधोपचाराचा भाग होत्या. त्यांना त्यांच्या जन्मभूमीत जाऊन पाहावे, स्थानिक लोकांना त्यांची नावे विचारावीत, गुण रुग्णांवर पडताळावेत आणि मग जुन्या ग्रंथांतील मजकूर खरा की खोटा हे ठरवावे, हा उद्योग एका युरोपीय वैद्याने सोळाव्या शतकात गोव्यात राहून केला. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून पूर्ण झालेल्या त्याच्या ग्रंथाने युरोपच्या वैद्यकाला पूर्वसूरींवर शंका घेण्याचे धैर्य दिले. मात्र औषधांच्या बाबतीत इतका निर्भय असलेल्या या माणसाला स्वतःच्या धर्मश्रद्धेविषयी आयुष्यभर मौन पाळावे लागले. तो गेल्यानंतर बारा वर्षांनी त्याच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या. वनौषधींच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या या वैद्याचे चरित्र म्हणूनच केवळ वनस्पतींचे चरित्र राहत नाही.

निर्वासितांचा मुलगा

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द विदे या स्पेनच्या सीमेजवळच्या गावी झाला. त्याचे आई-वडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनच्या राजा-राणीने ज्यूंपुढे धर्मांतर किंवा देशत्याग असे दोनच मार्ग ठेवले, तेव्हा हे कुटुंब सीमा ओलांडून पोर्तुगालच्या आश्रयाला आले. तो आश्रयही टिकला नाही. १४९७ मध्ये पोर्तुगालमध्ये ज्यूंचे सक्तीने धर्मांतर करण्यात आले. अशा कुटुंबांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत. कागदोपत्री ते ख्रिस्ती असत. परंतु घराचे दार लागल्यावर ते जुनाच धर्म पाळतात, असा संशय त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांचा पिच्छा पुरवीत असे. या संशयाच्या सावलीतच गार्सिया वाढला.

त्याचे शिक्षण स्पेनमधील सालामांका आणि आल्काला या नामांकित विद्यापीठांत झाले. त्या काळी वैद्यकाचे शिक्षण म्हणजे ग्रंथांचे शिक्षण होते. पहिल्या शतकातील डायोस्कोरिडीस, दुसऱ्या शतकातील गेलन आणि अकराव्या शतकातील इब्न सिना यांनी जे लिहून ठेवले, ते अंतिम मानले जाई. मिरी, दालचिनी, हिरडा किंवा चंदन यांविषयी अध्यापक तासन् तास बोलत. पण ती झाडे त्यांनी कधी पाहिलेली नसत. व्यापाऱ्यांच्या पोत्यांतून येणारा सुकलेला माल आणि हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची वर्णने एवढ्याच आधारावर रोग्याला औषध दिले जाई.

१५२३ मध्ये ओर्ता मायदेशी परतला. काही काळ गावी व्यवसाय केल्यानंतर तो लिस्बनला आला आणि १५३० पासून तेथील विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकवू लागला. व्यवसाय, अध्यापन, प्रतिष्ठा असे सारे जुळून येत असतानाच मार्च १५३४ मध्ये तो मार्तिम अफोंसो द सौझा या नौसेनापतीचा वैद्य म्हणून भारताकडे येणाऱ्या जहाजावर चढला. हिंदुस्थानातील औषधी द्रव्ये, फळे आणि मिरी प्रत्यक्ष पाहण्याची ओढ हे कारण त्याने पुढे आपल्या ग्रंथात दिले आहे. ते खरेच असावे. परंतु नव्या ख्रिस्तींना देश सोडण्यास १५३२ मध्येच बंदी घालण्यात आली होती आणि १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले. ओर्ता त्यापूर्वी दोन वर्षे गोव्याच्या वाटेला लागला, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

गोव्यातील घर, बाग आणि बाजार

सप्टेंबर १५३४ मध्ये तो गोव्यात उतरला. पहिली काही वर्षे सौझा याच्या मोहिमांबरोबर त्याचा प्रवास झाला. दीव, काठियावाड, मलबार, सिंहल असा प्रदेश त्याने पालथा घातला. गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या अखत्यारीतील मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली, ती याच काळात. सौझा पोर्तुगालला परतल्यानंतरही ओर्ता मात्र येथेच राहिला आणि गोव्यात स्थिरावला. पुढची सुमारे तीस वर्षे त्याने याच भूमीत काढली.

त्या काळचे गोवा हे पूर्वेकडील व्यापाराचे मोठे केंद्र होते. मलाक्क्याहून लवंग व जायफळ, सिंहलमधून दालचिनी, होर्मुझहून घोडे आणि सुका माल, गुजरातमधून अफू व नीळ असे सारे या बंदरात येई. वैद्य म्हणून ओर्ताची कीर्ती लवकरच पसरली. पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नर त्याचे रुग्ण होते. त्याबरोबर तो औषधी द्रव्ये आणि रत्ने यांचा व्यापारही करी. हा व्यापार त्याच्या अभ्यासाला फार उपयोगी पडला. दूरदूरच्या बंदरांतील ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून तो बिया, फांद्या, फळे मागवून घेई, खलाशांना प्रश्न विचारी आणि दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर तिसऱ्याला विचारी. घराच्या बागेत त्याने औषधी झाडे लावली होती. कोणत्या झाडाला फूल केव्हा येते, फळ कसे पिकते, साल केव्हा सोलायची हे तेथे त्याला रोज पाहता येई.

गोव्यात स्थिरावल्यावर त्याचे लग्न ब्रियांदा द सोलीस या नात्यातील श्रीमंत मुलीशी झाले. त्यांना दोन मुली झाल्या. परंतु हा संसार सुखाचा नव्हता. १५४९ मध्ये त्याची आई आणि दोन बहिणी गोव्यात येऊन पोहोचल्या. ज्यू असल्याच्या आरोपावरून लिस्बनमध्ये त्यांना तुरुंगवास घडला होता. समुद्रापार आल्यावर तरी हा जाच संपेल, अशी त्यांची आशा असणार.

पुढे १५५४ च्या सुमारास व्हाइसरॉयकडून ओर्ताला मुंबईचे बेट वार्षिक खंडाने मिळाले. आज जेथे दक्षिण मुंबईतील बॉम्बे कॅसल आणि नौदलाचा आयएनएस आंग्रे हा तळ आहे, त्या जागी त्याचा वाडा व बाग होती, असे मानले जाते. १६६५ मध्ये इंग्रजांनी मुंबईचा ताबा घेतला तो याच वाड्यात. आपल्या मुंबईच्या बागेत वर्षातून दोनदा फळणारे आंब्याचे झाड असल्याचे ओर्ताने अभिमानाने नोंदवले आहे. घारापुरी आणि कान्हेरी येथील लेण्यांचे वर्णनही त्याच्या ग्रंथात आढळते.

निजामशहाच्या दरबारात

ओर्ताच्या ज्ञानाचा मोठा स्रोत घाटावर होता. अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) सुलतान बुऱ्हाण निजामशहा हा त्याचा रुग्ण आणि स्नेही होता. गोव्याहून घाट चढून ओर्ता त्याच्या भेटीला जाई. दरबारात अरबी-फारसी ग्रंथांत पारंगत असलेले हकीम होते, त्यांच्याबरोबर देशी वैद्यही होते. निजामशहा स्वतः जिज्ञासू होता. रोगांची आणि औषधांची अरबी नावे त्याने ओर्ताला सांगावीत आणि ओर्ताने त्यांना लॅटिन प्रतिशब्द द्यावेत, असा विद्यानंद तेथे चाले. सुलतानाने भरघोस वेतन देऊन त्याला कायमचे ठेवून घेण्याची इच्छा दर्शविली होती. परंतु ओर्ता गोवा सोडून गेला नाही.

या संबंधांमुळे दख्खनच्या राजकारणाचीही त्याला चांगली माहिती झाली. बहमनी राज्याच्या विघटनातून निर्माण झालेल्या शाह्यांची हकीकत त्याने ग्रंथातील एका प्रकरणात दिली आहे. त्यात आदिलशहा व निजामशहा यांच्याप्रमाणे वऱ्हाडच्या इमादशाहीचाही उल्लेख येतो. आजचा बुलढाणा जिल्हा ज्या वऱ्हाडात मोडतो, त्या प्रदेशाची ही नोंद गोव्यात बसलेल्या एका वैद्याने औषधांच्या पुस्तकात करावी, यावरून त्याच्या जिज्ञासेचा आवाका कळतो.

रुआनो आणि ओर्ता यांचा संवाद

गोव्यात मुद्रणयंत्र आले ते १५५६ मध्ये. भारतातील ही पहिली छपाई. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी जोहान्नेस द एन्देम या मुद्रकाने ओर्ताचा 'कोलोक्विओस' हा ग्रंथ छापला. हिंदुस्थानातील साधी औषधे व औषधी द्रव्ये यांविषयीचे संवाद, असा त्याच्या लांबलचक नावाचा आशय आहे. विद्वानांची भाषा लॅटिन असताना ओर्ताने तो पोर्तुगीज भाषेत लिहिला, कारण या देशात राहणाऱ्या सामान्य वाचकालाही त्याचा उपयोग व्हावा, अशी त्याची इच्छा होती. लुईस द कामोइश हा पोर्तुगालचा महाकवी त्या काळी गोव्यात होता. त्याची छापून प्रसिद्ध झालेली पहिली कविता याच ग्रंथाच्या आरंभी आहे.

संपूर्ण ग्रंथ संवादरूप आहे. रुआनो हा स्पेनहून नुकताच आलेला, ग्रंथांत मुरलेला कल्पित वैद्य आणि ओर्ता स्वतः, असे दोन प्रमुख वक्ते. रुआनो प्रत्येक औषधाविषयी डायोस्कोरिडीस, प्लिनी, गेलन, इब्न सिना यांची मते सांगतो. ओर्ता ती ऐकून घेतो आणि मग आपण काय पाहिले ते सांगतो. मध्येच बागेतून फळ आणायला दासीला पाठवले जाते, एखादा रुग्ण येतो, एखादा व्यापारी नवी बातमी सांगतो. मलुपा नावाचा हिंदू वैद्यही या संवादात येतो. वास्तविक रुआनो आणि ओर्ता ही एकाच माणसाची दोन रूपे आहेत. एक विद्यापीठात शिकलेला आणि दुसरा हिंदुस्थानात येऊन शिकलेला. स्पेनमध्ये असतो तर गेलन किंवा ग्रीक आचार्यांच्या विरुद्ध बोलण्याचे आपले धाडस झाले नसते, अशी कबुली ओर्ता या संवादात देतो. येथे मात्र पाहिलेले झाड आणि वाचलेले वर्णन यांत विसंगती आढळली, तर तो झाडाच्या बाजूने उभा राहतो.

याची उदाहरणे ग्रंथभर विखुरलेली आहेत. चिंचेचे अरबी नाव 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी खजूर. या नावामुळे ते एखाद्या ताडवर्गीय झाडाचे फळ असावे, असा युरोपातील पंडितांचा समज झाला होता. ओर्ताने चिंचेचे झाड, पान, शेंग आणि आतील चिंचोके यांचे वर्णन करून तो खोडून काढला. मिरी आणि पिंपळी ही एकाच वेलीची फळे आहेत, हे जुने मतही त्याने अमान्य केले. पिंपळीची वेल वेगळी असून ती वेगळ्या प्रदेशातून येते, हे त्याने दाखवले. हिरड्याचे पाच प्रकार युरोपच्या औषधालयांत प्रसिद्ध होते आणि ते एकाच झाडाचे मानले जात. त्यांत बेहडा आणि आवळा यांचाही समावेश होता. ओर्ताने ही झाडे भिन्न असल्याचे ठामपणे सांगितले.

वनस्पतींची स्थानिक नावे ही या ग्रंथाची मराठी वाचकाला विशेष जवळची वाटणारी बाजू. पोर्तुगीज वळणाच्या रोमन लिपीत लिहिलेली ती नावे वाचताना चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचा लोकव्यवहार कानांवर येतो. नारळाच्या झाडाला त्याने दिलेले नाव म्हणजे आपला माड. त्याच्या पारिजातकाचे नाव जवळजवळ जसेच्या तसे आहे. कोकमासाठी त्याने वापरलेला शब्द गोमंतकीय 'भिरंड'वरून आलेला आहे. बहाव्याच्या दख्खनी नावातही 'बावा' आणि 'शिंग' हे दोन शब्द ओळखू येतात. अरब काय म्हणतात, मलबारी काय म्हणतात, गुजराती आणि दख्खनी लोक काय म्हणतात हे तो प्रत्येक वेळी सांगतो. हा केवळ भाषेचा छंद नव्हता. एका वनस्पतीची दहा नावे आणि एका नावाच्या दहा वनस्पती असा गोंधळ असताना औषध निश्चित करता येत नाही, हे त्याने ओळखले होते. वनौषधींच्या शास्त्रीय अभ्यासाची पहिली पायरी आजही हीच आहे.

पारिजातकाविषयी लिहिताना त्याने सूर्यावर प्रेम करून निराश झालेल्या राजकन्येच्या राखेतून हे झाड उगवले, ही लोककथा दिली आहे. परंतु ती कथा म्हणूनच दिली आहे. फूल रात्री उमलते, सकाळी गळते आणि त्याच्या केशरी देठांनी अन्नाला रंग आणता येतो, हे निरीक्षण मात्र त्याचे स्वतःचे. हिंगाचा वास त्याला अतिशय अप्रिय होता, तरी हिंग घातलेली भाजी वाईट लागत नाही हेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

मोडशी, धोतरा आणि भांग

ओर्ता मुळात रोगी तपासणारा वैद्य होता. म्हणूनच औषधांच्या बरोबरीने रोगांची वर्णनेही त्याच्या ग्रंथात आली. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे वर्णन पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे आहे. येथील लोक या रोगाला जे नाव देत, ते त्याने नोंदवले आहे. तो शब्द म्हणजे आपली 'मोडशी'. पुढे याच शब्दाला पोर्तुगीज आणि फ्रेंच भाषांत नवनवी रूपे मिळत गेली. उलट्या-जुलाबांचा वेग, क्षीण होणारी नाडी, थंड घाम, न भागणारी तहान, खोल गेलेले डोळे, पायांत येणारे गोळे आणि काही तासांत ओढवणारा मृत्यू हे सारे त्याने रुग्णाच्या उशाशी बसून पाहिले होते. आशियातील कॉलऱ्याचे युरोपीय वैद्याने केलेल्या अगदी आरंभीच्या वर्णनांत याची गणना होते.

धोतऱ्याविषयीची त्याची नोंदही अशीच व्यवहारातून आलेली आहे. चोर धोतऱ्याचे बी अन्नातून देत. ज्याच्या पोटात ते जाई तो शुद्ध हरपून हसत राही आणि घर लुटले जात असताना काहीच करू शकत नसे. असा रुग्ण कसा ओळखावा आणि त्यावर काय उपाय करावा, हे ओर्ताने सांगितले. भांगेच्या प्रकरणात त्याने बहादूरशहाची आठवण दिली आहे. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराणला जावेसे वाटले तर आपण थोडी भांग घेतो, असे या सुलतानाने सौझा याला सांगितले होते. अफू आणि भांग यांचे परिणाम वेगळे आहेत, हेही ओर्ताने निरनिराळ्या लोकांना विचारून पडताळले.

अतिसारावर देशी वैद्य ज्या झाडांचा वापर करीत, त्यांकडे त्याने विशेष लक्ष दिले. किनाऱ्यावर नव्याने आलेले शेकडो पोर्तुगीज हगवणीने मरत होते. त्यांच्यासाठी कुडा आणि बेल यांसारखी औषधे युरोपातून येणाऱ्या महागड्या द्रव्यांपेक्षा अधिक उपयुक्त ठरत होती. येथील वैद्यांना शरीररचनेचे ज्ञान नाही, ते केवळ अनुभवावर चालतात, असा त्याचा आक्षेप होता. तरीही त्यांचे औषध गुण देते असे दिसल्यावर ते स्वीकारण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

सिंहलमधील सर्पविषावरच्या काही मुळ्यांचेही वर्णन त्याने केले आहे. त्यांपैकी एक सर्पगंधा असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. याच सर्पगंधेचा उच्चरक्तदाबावरील परिणाम मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर पद्धतशीर तपासून १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि जगभरच्या वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. एका वनस्पतीची ओळख पटण्यापासून तिचा गुण सिद्ध होण्यापर्यंतचा प्रवास किती दीर्घ असू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

त्याच्या मर्यादा

ओर्ताला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. काळी आणि पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींवर येते, असे त्याला वाटत होते. प्रत्यक्षात दोन्ही एकाच वेलीची फळे आहेत. काढणीची वेळ आणि साल काढण्याची क्रिया एवढाच फरक. हिरड्याच्या पाच प्रकारांपैकी तीन हे एकाच हिरड्याचे, निरनिराळ्या अवस्थेतील फळ आहे, हे पुढील वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवले. बकऱ्याच्या पोटात सापडणाऱ्या खड्यात विष उतरवण्याची शक्ती असते, या समजुतीवर त्याचाही विश्वास होता. ग्रंथात चित्रे नाहीत आणि छपाईच्या चुका पुष्कळ आहेत. ज्या घरात हे ज्ञान गोळा झाले, तेथे काम करणारी माणसे गुलाम होती आणि ज्या सत्तेच्या आश्रयाने तो वावरला, ती तलवारीच्या बळावर आलेली होती. ज्या देशी वैद्यांनी, माळ्यांनी आणि दासींनी त्याला झाडे दाखवली, त्यांपैकी बहुतेकांची नावे इतिहासाला कळली नाहीत.

तथापि त्याच्या चुका सुधारता आल्या, त्याही त्याच्याच पद्धतीने. झाडापाशी जाऊन पाहा, हा त्याचा आग्रह पुढच्यांनी त्याच्याच विधानांना लावला.

युरोपभर पसरलेले पुस्तक

गोव्यात छापलेल्या प्रती थोड्या होत्या. त्यांतील एक लिस्बनमध्ये १५६४ मध्ये कारोलस क्लुसियस या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती पडली. त्याने तिचा लॅटिनमध्ये संक्षेप केला आणि तो १५६७ मध्ये अँटवर्प येथे प्रसिद्ध झाला. क्लुसियसने संवाद काढून टाकून मजकूर सुटसुटीत केला व चित्रे घातली. या रूपात ओर्ताचे ज्ञान युरोपच्या विद्यापीठांत पोहोचले. पुढे इटालियन आणि फ्रेंच भाषांतरे झाली. १५७८ मध्ये क्रिस्तोबाल अकोस्ता या वैद्याने ओर्ताच्याच आधारे, स्वतःची चित्रे जोडून, स्पॅनिश ग्रंथ लिहिला. शंभर वर्षांनंतर मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' हा डच बृहद्ग्रंथ १६७८ पासून प्रसिद्ध होऊ लागला. हिंदुस्थानातील वनस्पतींच्या अभ्यासाची जी वाट ओर्ताने दाखवली, तिचा तो पुढचा मोठा टप्पा होता.

अस्थींनाही शिक्षा

ओर्ता ज्या धर्मन्यायालयापासून दूर आला होता, ते १५६० मध्ये गोव्यात येऊन पोहोचले. विसंगती अशी, की त्याच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच तो धर्मन्यायाधीश आलेशो दियास फाल्कांव याने पाहून संमत केल्याचा उल्लेख आहे. ग्रंथात चर्चला खटकावे असे काही नव्हते. ओर्ता त्यात सच्च्या ख्रिस्ती माणसासारखा बोलतो आणि ज्यूंचा उल्लेख परक्यासारखा करतो.

१५६८ मध्ये गोव्यातच त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्याची बहीण कातारिना हिला अटक झाली. चौकशीत नातेवाइकांच्या साक्षी घेण्यात आल्या आणि गार्सिया हा अखेरपर्यंत मनाने ज्यूच होता, मोशेचा धर्मच खरा असे तो घरच्यांत सांगत असे, हे दप्तरात नोंदले गेले. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला जिवंत जाळण्यात आले. ४ डिसेंबर १५८० रोजी गार्सियाची पाळी आली. मृत माणसावर खटला चालवून त्याला दोषी ठरवण्यात आले आणि त्याच्या अस्थी उकरून जाहीर समारंभात जाळण्यात आल्या.

ही हकीकत दीर्घकाळ जगाला ठाऊक नव्हती. एकोणिसाव्या शतकात फिकाल्यो या पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञाने ओर्ताचे चरित्र लिहिले आणि १८९१ व १८९५ मध्ये त्याच्या ग्रंथाची सटीप आवृत्ती काढली, तेव्हाही त्याच्या शेवटाची ही बाजू अंधारातच होती. १९१३ मध्ये क्लेमंट्स मार्कम यांचे इंग्रजी भाषांतर आले, त्यातही ती नव्हती. १९३४ मध्ये आउगुस्तो द सिल्वा कार्व्हाल्यो यांनी लिस्बनच्या दप्तरखान्यातील धर्मन्यायालयाची कागदपत्रे तपासून हे सारे उजेडात आणले. ओर्ता गोव्याला निघाल्याला त्या वर्षी बरोबर चारशे वर्षे झाली होती. पोर्तुगालने पुढे त्याचे चित्र वीस एस्कुदोंच्या नोटेवर छापले आणि पणजीतील जुन्या उद्यानालाही त्याचे नाव मिळाले.

गेलनच्या चुका दाखवणारा हा माणूस स्वतःच्या घरातले सत्य उच्चारू शकला नाही. वनस्पतींविषयी शंका घेण्याची मुभा त्याला मिळाली, कारण मिरी-मसाल्याच्या व्यापाराला खरी माहिती हवी होती. माणसाच्या श्रद्धेविषयी अशी मुभा देण्यात कोणालाही लाभ दिसत नव्हता. ज्ञानाची वाढ एका खोलीत मोकळी आणि दुसऱ्या खोलीत कुलूपबंद ठेवता येते, या समजुतीची किंमत ओर्ता कुटुंबाने मोजली.

आज वनौषधींच्या नावाने बाजारात अनेक दावे ऐकू येतात. कोणी प्राचीन ग्रंथाचा हवाला देतो, कोणी परदेशी संशोधनाचा. ओर्ताने अशा दाव्यांना विचारलेले प्रश्न साधे होते. ही वनस्पती नेमकी कोणती? ती कोणी पाहिली? तिने खरोखर कोणाला बरे वाटले आणि पुन्हा दिली तेव्हाही बरे वाटले काय? हिरडा आणि बहावा यांना या प्रश्नांची भीती नाही. ज्या औषधाला ती वाटते, त्याच्यापासून रोग्याने सावध राहावे, एवढे शहाणपण साडेचारशे वर्षांपूर्वीच्या या गोवेकर वैद्याकडून घेण्यासारखे आहे.